पहिल्यांदाच चोरीचा किंवा अपहाराचा आरोप आला तर: केबिनमधल्या चौकशीपासून निकालापर्यंत

अपहाराच्या प्रकरणाची सुरुवात बहुतेक वेळा पोलीस ठाण्यात न होता व्यवस्थापकाच्या केबिनमध्ये होते. संध्याकाळी रोकड जुळत नाही, गोदामात माल कमी भरतो किंवा लेखापरीक्षक एखाद्या व्हाउचरवर बोट ठेवतो, आणि ज्याच्या हातून तो व्यवहार झाला त्याला आत बोलावले जाते. आयुष्यात कधी पोलीस ठाण्याची पायरी न चढलेला माणूस त्या तासाभरात घाबरून जे बोलतो आणि ज्यावर सही करतो, त्याचा परिणाम पुढे अनेक वर्षे त्याच्या खटल्यावर होत राहतो. पहिल्यांदाच आरोपी झालेल्या व्यक्तीला आपला कायदा बऱ्याच सवलती देतो, पण त्या मागाव्या लागतात, योग्य टप्प्यावर मागाव्या लागतात, आणि कोणते कलम व कोणते उपकलम लागले आहे यावर त्यांतल्या बहुतेक अवलंबून असतात. महाराष्ट्रातील व्यवहार डोळ्यांसमोर ठेवून हे टप्पे येथे क्रमाने मांडले आहेत. हा लेख वकिलाची जागा घेऊ शकत नाही. वकिलापर्यंत पोहोचेतो काय सांभाळावे आणि पोहोचल्यावर त्यांना काय विचारावे, यासाठी तो आहे.

केबिनमधला माफीनामा

मालक किंवा व्यवस्थापक सहसा सांगतात की लिहून दिले तर प्रकरण इथेच मिटेल. पुढे एक कोरा कागद किंवा मुद्रांक येतो, त्यावर ‘मी अमुक रकमेचा अपहार केला असून ती रक्कम तमुक तारखेपर्यंत भरेन’ असा मजकूर सांगितला जातो, आणि सोबत सही केलेले दोन-तीन कोरे धनादेश मागितले जातात. हे काहीही देऊ नये. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मुळे आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, परंतु मालकाला लिहून दिलेल्या माफीनाम्याला हे संरक्षण आपोआप मिळत नाही. धमकी देऊन किंवा आमिष दाखवून तो घेतला असेल तर कलम २२ खाली आक्षेप घेता येतो, पण बंद दाराआड काय घडले हे नंतर न्यायालयापुढे मांडणे फार अवघड जाते. कोऱ्या धनादेशात मनाला येईल तो आकडा भरून धनादेश न वटल्याची वेगळी फौजदारी तक्रारही उभी राहू शकते.

अशा वेळी एवढेच म्हणावे की आरोप लेखी द्या, संबंधित कागदपत्रे दाखवा, मी ती पाहून लेखी उत्तर देईन. बाहेर जाऊ दिले जात नसेल तर तो बेकायदेशीर अटकाव आहे आणि ११२ वर फोन करण्याचा हक्क कर्मचाऱ्यालाही आहे. सही आधीच करून झाली असेल तर त्याच दिवशी, आठवण ताजी असताना, किती वाजता बोलावले, खोलीत कोण होते, कोण काय म्हणाले, मजकूर कोणी सांगितला हे सगळे लिहून काढावे आणि वकिलामार्फत ती सही दबावाखाली घेतल्याचे पत्र स्पीड पोस्टाने आणि ई-मेलने पाठवावे. महिनाभराने पाठवलेल्या अशा पत्राला फारशी किंमत उरत नाही.

आणखी एक गोष्ट याच दिवसाची आहे. मोबाइलमधले संदेश, फोटो, कॉलची नोंद यांतले काहीही पुसून टाकू नये. पुरावा नष्ट केल्याचा आरोप मूळ आरोपापेक्षा सिद्ध करायला अनेकदा सोपा असतो, आणि पुसलेल्या संदेशांमध्येच बचावाचा आधार असण्याची शक्यताही तितकीच असते.

कलम कोणते लागले आहे, हे आधी पाहावे

गुन्हा दाखल झाला असे कळताच प्रथम खबरी अहवालाची प्रत मिळवावी. संवेदनशील गुन्हे वगळता हे अहवाल पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकणे बंधनकारक आहे. त्यावरचा गुन्हा रजिस्टर क्रमांक, तारीख आणि कलमे वहीत उतरवून घ्यावीत. घटना १ जुलै २०२४ पूर्वीची असेल तर भारतीय दंड संहितेची कलमे लागतात, त्यानंतरची असेल तर भारतीय न्याय संहितेची. अपहार वर्षानुवर्षे चालल्याचा आरोप असेल तर कोणता व्यवहार कोणत्या तारखेचा आहे हे नेमके पाहावे लागते, कारण साध्या फौजदारी विश्वासघाताची कमाल शिक्षा जुन्या कलम ४०६ मध्ये ३ वर्षे होती आणि नव्या कलम ३१६(२) मध्ये ती ५ वर्षे झाली आहे. नंतर वाढवलेली शिक्षा आधीच्या कृत्याला लावता येत नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद २०(१) नेच सांगितले आहे.

चोरी आणि अपहार यांत मूळ फरक ताब्याचा आहे. दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू त्याच्या संमतीवाचून अप्रामाणिक हेतूने हलवली तर ती चोरी, आणि विश्वासाने आपल्याकडे सोपवलेली मालमत्ता अप्रामाणिकपणे स्वतःसाठी वापरली तर तो फौजदारी विश्वासघात, म्हणजे व्यवहारात ज्याला अपहार म्हणतात तो. साध्या चोरीला न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. वस्तूची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, व्यक्ती पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर तुरुंगवासाऐवजी समाजसेवेची शिक्षा आहे. एवढ्या किमतीच्या चोरीचा गुन्हा अदखलपात्र, म्हणजे पोलीस परस्पर अटक करू शकत नाहीत असा, आणि जामीनपात्रही आहे. घरातून किंवा इमारतीतून केलेली चोरी कलम ३०५ मध्ये आणि नोकराने मालकाच्या ताब्यातून केलेली चोरी कलम ३०६ मध्ये येते, व दोन्हींना ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

अपहाराच्या प्रकरणात सारा भर ३१६ च्या उपकलमांवर असतो. लिपिक किंवा नोकर यांच्यासाठी ३१६(४) आहे आणि त्याची कमाल शिक्षा ७ वर्षे आहे. लोकसेवक, बँकर, व्यापारी, दलाल, मुखत्यार किंवा अभिकर्ता (एजंट) यांच्यासाठी ३१६(५) आहे आणि त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. तालुक्याच्या गावात पतसंस्थेसाठी दुकानोदुकानी पिग्मी गोळा करणारा प्रतिनिधी घ्या. दुकानदाराच्या कार्डावर रोजचे २०० रुपये लिहिले आहेत आणि संस्थेच्या यंत्रात १०० चीच नोंद आहे. हा माणूस संस्थेचा नोकर की कमिशनवर काम करणारा अभिकर्ता, या एका प्रश्नाच्या उत्तरावर तो ७ वर्षांच्या कलमात बसतो की जन्मठेपेच्या, हे ठरते. कलम ३१६(५) लागले तर अटकेवरचे निर्बंध सैल होतात, दोषारोपपत्रासाठी पोलिसांना ६० ऐवजी ९० दिवस मिळतात, फिर्यादीशी कायद्याने तडजोड करता येत नाही, शिक्षेची वाटाघाट (दोष मान्य करून कमी शिक्षा ठरवून घेणे) बंद होते आणि परिविक्षेवर, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, सुटण्याची वाटही बंद होते. म्हणून वकिलाला पहिला प्रश्न हा विचारावा की हे उपकलम माझ्या नेमणूकपत्रावरून खरोखर लागते का. नेमणूकपत्र, कमिशनचे विवरण, पगारपत्रक आणि भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी यांचे मोल येथे फार मोठे आहे.

फिर्यादीत एकाच व्यवहारासाठी विश्वासघात आणि फसवणूक ही दोन्ही कलमे एकत्र लावण्याची सवय सर्वत्र दिसते. फसवणुकीत हेतू सुरुवातीपासूनच वाईट असावा लागतो, तर विश्वासघातात मालमत्ता आधी रीतसर सोपवलेली असते. त्यामुळे त्याच वस्तुस्थितीवर दोन्ही एकत्र नांदू शकत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. हिशेबात खोट्या नोंदी केल्याचे कलम ३४४ सोबत असेल तर त्याकडेही दुर्लक्ष करू नये, कारण ते तडजोडयोग्य नाही.

नोटीस आणि चौकशी

७ वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करू नये, हे अर्नेश कुमार विरुद्ध बिहार राज्य या २०१४ च्या निकालापासून ठरलेले आहे. अटकेची गरज नसेल तेव्हा तपासी अंमलदार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस देतो. अटक, जामीन आणि खटल्याच्या प्रक्रियेची पुढची कलमे याच संहितेची आहेत. ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणे हे रीतसर बजावणे ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. तरीही असा संदेश आला तर गप्प बसून राहण्यापेक्षा वकिलामार्फत लेखी उत्तर देऊन तारीख नोंदवून घेणे शहाणपणाचे. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्या व्यक्तीला सबळ कारण लेखी नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही, आणि न जाणाऱ्याला मात्र त्याच कारणाने अटक होऊ शकते. प्रत्येक वेळी हजर राहिल्याची नोंद किंवा पोच मागून घ्यावी.

चौकशीत खोटे बोलू नये, आणि स्वतःला अडकवणारे उत्तर देण्याची सक्तीही नाही. संविधानाच्या अनुच्छेद २०(३) ने दिलेला हा हक्क नम्रपणे वापरता येतो: ‘या प्रश्नाचे उत्तर मी वकिलांशी बोलून देईन’ असे म्हणणे पुरेसे आहे. तपासात पोलिसांनी लिहिलेल्या जबाबावर आरोपीने सही करायची नसते, हे कलम १८१ मध्येच आहे. पंचनामा आणि जप्तीचे कागद वेगळे असतात. ते पूर्ण वाचून, त्यांत काय लिहिले आहे हे समजल्यावरच पुढे जावे. वस्तू कुठे ठेवली ते दाखवतो असे म्हणून पोलिसांना तिथवर नेले, तर त्या शोधापुरते विधान पुराव्यात येते, ही बाब फार कमी लोकांना ठाऊक असते.

अटक झाली तर

घरच्यांनी अटकेची वेळ आणि अधिकाऱ्याचे नाव लिहून ठेवावे. अटकेच्या पंचनाम्यावर कुटुंबातील किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही लागते, अटकेची कारणे सांगावी लागतात, नातेवाइकाला कळवावे लागते, वैद्यकीय तपासणी करावी लागते आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आवश्यक आहे. चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क कलम ३८ ने दिला आहे, जरी वकील पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नसले तरी.

दंडाधिकाऱ्यांपुढे नेल्यावर मारहाण झाली आहे का, असे विचारले जाते. झाली असेल तर तिथेच, स्पष्ट शब्दांत सांगावे. पोलीस कोठडी मागताना रक्कम हस्तगत करायची आहे, कागदपत्रे जप्त करायची आहेत अशी कारणे दिली जातात. ज्या नोंदी संस्थेच्याच संगणकात आहेत त्यांच्यासाठी आरोपीची कोठडी कशाला, हा युक्तिवाद वकिलाने तेथे करायला हवा.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. अनेक जिल्हा न्यायालयांत यासाठी लोक अभिरक्षक कार्यालय आहे, आणि १५१०० हा मदत क्रमांक आहे. वकील खासगी असो वा सरकारी खर्चाचा, त्यांना सगळे खरे सांगावे. पैसे घेतले असतील तर तेही सांगावे. अशिलाने सांगितलेली गोष्ट वकील उघड करू शकत नाही, आणि खटल्यात ती अचानक समोर आली तर त्यांना बचाव करता येत नाही.

जामीन

अजामीनपात्र याचा अर्थ जामीन मिळतच नाही असा नाही. तो हक्काऐवजी न्यायालयाच्या विवेकाचा विषय होतो, एवढेच. अटकेची भीती असेल तर कलम ४८२ खाली सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात अटकपूर्व जामिनासाठी जाता येते, आणि नोटीस येताच हा निर्णय घ्यावा. अर्जात पूर्वी कोणताही गुन्हा नाही, कायमचा पत्ता आहे, कुटुंब येथेच आहे, तपासात सहकार्य केले आहे, पुरावा कागदोपत्री असून तो आधीच फिर्यादीच्या ताब्यात आहे, हे मुद्दे पुराव्यासह मांडावे लागतात. जुनी अदखलपात्र नोंद असेल तर ती लपवू नये. सरकारी वकील ती वाचून दाखवतात तेव्हा बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

जामिनासाठी पैसे भरण्याची तयारी दाखवावी का, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाला पडतो. जामीन हे वसुलीचे साधन नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. महाराष्ट्रातील एका कर्मचाऱ्याच्या अपहार प्रकरणात जुलै २०२५ मध्ये तर न्यायालयाने असे बजावले की रक्कम भरण्याच्या हमीवर जामीन देऊ नये, तो गुणवत्तेवरच ठरवावा. म्हणून दागिने मोडून किंवा शेत गहाण टाकून न्यायालयात हमीपत्र देण्याची घाई करू नये.

आदेश झाल्यावर जामीनदाराची धावपळ सुरू होते. जामीनदाराचे आधार कार्ड, शिधापत्रिका, सातबारा उतारा किंवा घरपट्टीची पावती, पगारपत्रक किंवा ऐपतीचा दाखला हे आदल्या दिवशीच तयार ठेवावे. केवळ कागद अपुरे पडल्याने माणूस आणखी काही रात्री आत राहतो. कागद जमेपर्यंत रोख जामिनावर सोडण्याची विनंती करता येते. पोलिसांनी मुदतीत दोषारोपपत्र दाखल केले नाही तर जामीन हक्काने मिळतो, पण दोषारोपपत्र येण्यापूर्वी त्यासाठी अर्ज करावा लागतो. तपास लांबला आणि जामीन मिळालाच नाही, तर पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या व्यक्तीला कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश कालावधीनंतर कलम ४७९ खाली सोडण्याची तरतूद आहे. ७ वर्षांच्या गुन्ह्यात हा कालावधी २ वर्षे ४ महिने होतो. जन्मठेपेच्या कलमाला किंवा एकापेक्षा अधिक खटले चालू असल्यास ती लागू होत नाही.

हिशेबाच्या कागदांत बचाव शोधणे

अपहाराचा खटला शेवटी कागदांवर उभा राहतो. दोषारोपपत्राची प्रत मिळाली की लेखापरीक्षण अहवाल एका बाजूला आणि मूळ कीर्द, खतावणी, व्हाउचर दुसऱ्या बाजूला ठेवून प्रत्येक रकमेसमोर चार गोष्टी लिहाव्यात: ती रक्कम खरोखर आपल्याकडे सोपवली होती का, पावतीवर सही कोणाची आहे, त्या वेळी संगणकावर कोणाचे लॉगिन चालू होते आणि तिजोरीची दुसरी किल्ली कोणाकडे होती. लहान संस्थांत एकच पासवर्ड तिघे वापरतात आणि सुटीच्या दिवशी दुसराच माणूस रोखपालाच्या खुर्चीत बसतो. हजेरीपत्रक मागवले की हे उघड होते. संगणकीय नोंदीसोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र आहे का, हेही पाहावे. केवळ तूट आढळली म्हणून अपहार सिद्ध होत नाही. अप्रामाणिक हेतू दाखवावा लागतो. मात्र रक्कम सोपवल्याचे सिद्ध झाले आणि तिचा समाधानकारक हिशेब देता आला नाही, तर न्यायालय प्रतिकूल निष्कर्ष काढू शकते, म्हणून ‘मला माहीत नाही’ एवढा बचाव अपुरा पडतो.

आरोपात तथ्यच नसेल तर कागदपत्रांच्या प्रती मिळाल्यापासून ६० दिवसांत कलम २६२ खाली दोषमुक्तीचा, म्हणजे खटला चालण्यापूर्वीच आरोपातून वगळण्याचा, अर्ज करावा.

रक्कम परत करणे आणि तडजोड

पैसे खरोखर घेतले असतील तर ते परत करणे योग्य आहे, आणि शिक्षेच्या वेळी त्याचा उपयोगही होतो. पण ते वकिलामार्फत, बँकेतूनच, ‘हक्क अबाधित ठेवून’ अशा लेखी पत्रासह द्यावेत आणि पोच घ्यावी. रोख दिलेल्या रकमेची पुढे आठवण फक्त देणाऱ्यालाच राहते. साध्या चोरीत मालकाशी तडजोड करता येते. नोकराने केलेली चोरी, ३१६(२) आणि ३१६(४) यांत न्यायालयाच्या परवानगीने करता येते, आणि अशी तडजोड झाली की आरोपी निर्दोष सुटल्याचा परिणाम होतो. तडजोडयोग्य नसलेल्या कलमांत गुन्हा रद्द करण्यासाठी कलम ५२८ खाली उच्च न्यायालयात जावे लागते. दोघांतला खासगी पैशाचा वाद तिथे मिटू शकतो, परंतु ठेवीदारांच्या किंवा सरकारी पैशाच्या प्रकरणात न्यायालये सहसा तयार होत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

नोकरी, पासपोर्ट, पुढचे अर्ज

खात्यांतर्गत चौकशी आणि फौजदारी खटला या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि चौकशीत पुराव्याची कसोटी सौम्य असते. तेथे दिलेले लेखी उत्तर खटल्यात वापरले जाऊ शकते, म्हणून ते वकिलाने वाचल्याशिवाय देऊ नये. राज्य शासनाचा कर्मचारी ४८ तासांहून अधिक कोठडीत राहिला तर तो १९७९ च्या शिस्त व अपील नियमांप्रमाणे निलंबित मानला जातो. निर्वाह भत्ता मात्र मागावा. खटला प्रलंबित असताना परदेशी जायचे, मग ते आखातातील नोकरीसाठी असले तरी, न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. नव्या नोकरीच्या अर्जात गुन्ह्याबद्दल विचारले असेल तर खरे लिहावे, कारण माहिती दडवणे हेच नोकरी जाण्याचे स्वतंत्र कारण ठरते.

दोष मान्य करायचा असेल, किंवा सिद्ध झाला तर

तारखांना कंटाळून ‘गुन्हा कबूल’ म्हणण्याआधी शिक्षेच्या वाटाघाटीचा मार्ग विचारात घ्यावा. ७ वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात दोषारोप निश्चित झाल्यापासून ३० दिवसांत तसा अर्ज करता येतो. फिर्यादीला भरपाई ठरते, आणि पूर्वी दोषी न ठरलेल्या आरोपीला न्यायालय कलमात सांगितलेल्या शिक्षेच्या एक-षष्ठांश शिक्षा देऊ शकते. कलम किमान शिक्षा सांगत असेल तर त्या किमान शिक्षेच्या एक-चतुर्थांश. ७ वर्षांच्या कलमात एक-षष्ठांश म्हणजे १४ महिने. या निकालावर नेहमीचे अपील नसते, हे आधी समजून घ्यावे.

खटला चालून दोष सिद्ध झाला तर शिक्षा सुनावण्यापूर्वी म्हणणे मांडण्याची संधी मिळते आणि त्याच वेळी अपराधी परिविक्षा अधिनियम, १९५८ चा अर्ज तयार असायला हवा. कलम ३ खाली चोरीसारख्या गुन्ह्यात ताकीद देऊन सोडता येते. कलम ४ खाली ३ वर्षांपर्यंतच्या चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येते, फक्त जन्मठेपेची तरतूद असलेल्या गुन्ह्यात नाही. आणि २१ वर्षांखालील व्यक्तीला तुरुंगात पाठवायचे तर न्यायालयाला कारणे लिहावी लागतात. परिविक्षा अधिकारी घरी येऊन अहवाल तयार करतात, तेव्हा कुटुंबाने खरी परिस्थिती सांगावी: कोणाचे उपचार चालू आहेत, मुले किती लहान आहेत, परत केलेल्या रकमेच्या पावत्या कुठे आहेत. याच अधिनियमाचे कलम १२ दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता दूर करते, जरी मालकाची खात्यांतर्गत कारवाई त्यामुळे थांबत नसली तरी.

कैदेची शिक्षा झालीच आणि ती ३ वर्षांपर्यंतची असली, आणि आरोपी जामिनावर असला, तर अपील दाखल करता यावे म्हणून तेच न्यायालय शिक्षा तात्पुरती स्थगित करू शकते. हा अर्ज निकालाच्याच दिवशी द्यायचा असतो, त्यामुळे जामीनदार त्या दिवशी न्यायालयात हजर असावा. दंडाधिकाऱ्यांच्या निकालावर सत्र न्यायालयात अपील करण्याची मुदत ३० दिवसांची आहे, आणि निकालपत्राची प्रत आरोपीला मोफत मिळते.